मिठाच्या गोदामातला सिनेमा

आमच्या आईच्या पिंडाला कावळा शिवला नाही. तिथून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत आमच्या घरात काय चाललं होतं आणि ते कसं संपलं, एवढंच मला या प्रकरणात लिहायचं आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. पाचवीत मास्तरांनी माझा काही गुन्हा नसताना छडी मारली, म्हणून मी दप्तर खाडीत फेकलं आणि पुन्हा शाळेचं तोंड पाहिलं नाही. त्याचं मला आजही काही वाटत नाही. नातसून म्हणते, आजोबा, तुम्ही सांगा, मी नीट भाषेत उतरवते. मी नको म्हटलं. आई माझी होती, तेव्हा तिच्याबद्दलचे शब्दही माझेच असू देत, वेडेवाकडे असले तरी.

भाईंदर पश्चिमेला खाडीच्या अंगाला आमची कोळ्यांची वस्ती. घर कुडाचं, वर कौलं, मागे चार पावलांवर पाणी. भरती आली की परसातल्या चिखलातून बुडबुडे फुटल्याचा आवाज यायचा आणि लांबून खाडीच्या पुलावरून आगगाडी गेली की मांडणीवरची पितळी भांडी एकमेकांना लागून किणकिणायची. आई झोपेतही उठून त्यांच्यावर हात ठेवायची. आजोबांनंतर आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, होडी विकून मिठागराची मुकादमी धरली. उंच, काळेभोर, डोक्याला लाल रुमाल; बांधावर उभे राहिले की शंभर पावलांवरची बाई पदर खोचायची. आईही तिथेच मिठाच्या टोपल्या वाहायची. मुकादमाची बायको म्हणून तिला सवलत मिळेल असं कोणाला वाटलं असेल तर ते उलट होतं. आबा तिला रांगेत सगळ्यांच्या पुढे लावायचे, म्हणजे बाकीच्या बायांना बोलायला तोंड राहू नये. संध्याकाळी घरी आली की पायांना खोबरेल चोळायची, आणि लगेच चूल. सुक्या बोंबलाचं चिंच घातलेलं कालवण आणि तांदळाची भाकरी. भाकरी थापताना तिच्या बांगड्या परातीला लागायच्या, तो आवाज ऐकला की भूक लागायची. आजकाल आमच्या बिल्डिंगीत कुठल्या तरी घरातून तसा आवाज येतो आणि मी जेवून उठलेला असलो तरी मला पुन्हा भूक लागते. म्हातारपणाचं असं आहे.

आईचं माहेर उत्तनला. आमच्या बांधावरून पश्चिमेला डोंगर दिसायचा, त्याच्या पलीकडे. चालत गेलं तरी अर्ध्या दिवसाची वाट नाही. पण तिच्या भावाच्या, हरीमामाच्या, लग्नानंतर ती तिकडे कधी गेली नाही. त्या लग्नात आबांना जेवायला दुसऱ्या पंगतीत बसवलं होतं. घरचा जावई आणि दुसरी पंगत! मामाचं म्हणणं, चूक झाली, गर्दी होती. आबा अर्ध्या पानावरून उठले, हात न धुता अंगणात आले आणि सगळ्या वऱ्हाडासमोर म्हणाले, ‘आजपासून माझ्या घरचं माणूस या घरचं पाणी पिणार न्हाय.’ तेव्हा मी आईच्या बोटाला धरून होतो आणि धाकटी हिरा पोटात होती. त्या दिवसानंतर आमच्या घरात मामाचं नाव निघालं नाही. उत्तनच्या मासेवाल्या टोपल्या घेऊन आमच्या वस्तीत यायच्या, त्यांच्याशी आई कोपऱ्यावर गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उभी राहायची, एवढंच. घेतलेलं पापलेट कुणाच्या होडीचं, हे आम्ही विचारायचं नाही आणि तिने सांगायचं नाही.

त्या वर्षी मीठ काढायला सुरुवात झाली तेव्हा मुंबईहून तीन बायका आल्या. त्यांतली मोठी नलिनीताई, जाड भिंगांचा चष्मा आणि पुरुषांसारखा शर्ट बाहेर सोडलेला. दुसरीच्या खांद्यावर यंत्र, तिसरीच्या हातात काळी दांडी, तिच्या टोकाला माईक. शेठची परवानगी आणली होती. आबा म्हणाले, ‘फोटो काढा, पन काम थांबता कामा नये.’ त्यांना वाटलं, मिठाचा फोटो काढतील, मिठाच्या राशी उन्हात दिसतात छान. त्या मात्र बायांचे पाय, बायांच्या माना, डोक्यावरच्या चुंबळी, असलं काहीबाही घेत राहिल्या. मला तेव्हा विशी लागली नव्हती. त्यांच्या पत्र्याच्या पेट्या बांधावरून मी वाहिल्या. बाया आधी लाजल्या. मग जनाकाकी म्हणाली, ‘अगं, इतकी वर्सं नवऱ्यानं पन एवढं निरखून बघितलं न्हाय, बघू दे तिला तरी!’ आणि सगळ्या मोकळ्या झाल्या. ही जनाकाकी आमच्या शेजारची, आईची जिवाची, तोंडाने फाटकी, आणि आबांना अरे-तुरे करणारी वस्तीतली एकटीच बाई. आबा दुपारी जेवायला घरी जायचे तेव्हा बाया त्या पाहुण्यांभोवती बसून बोलायच्या. काय बोलायच्या ते मला माहीत नव्हतं. मीही जेवायला गेलेला असायचो.

आई पावसाळ्यात गेली. ताप आला, उतरला, पुन्हा आला आणि ती गेली. आजार म्हणावं असं काही नव्हतं. दहाव्याला खाडीकाठी पिंड ठेवले. पाऊस उघडला होता, आभाळात कावळे चिक्कार होते, समोरच्या चिंचेवर नुसता गोंगाट. पण एकही खाली येईना. एक आला, पिंडाभोवती फिरला, मान वाकडी करून आमच्याकडे बघितलं आणि उडाला. भटजी म्हणाले, काहीतरी राहिलंय बाईचं, बोला. आबा हात जोडून म्हणाले, ‘हिराचं लगीन चांगल्या घरात लावीन.’ कावळा नाही. ‘दामूच्या लग्नात काय कमी पडू देनार न्हाय.’ दामू म्हणजे मी. तरी कावळा नाही. ‘तुझी शेळी विकनार न्हाय.’ ‘देवीला खण-नारळ दर साल जाईल.’ हिरा रडत म्हणाली, ‘आये, मी भांडनार न्हाय दादाशी.’ मीही काहीतरी बोललो. पिंडाचा भात वाळून वर तडा गेला. बाया जरा लांब बांधावर उभ्या होत्या. तिथून जनाकाकीचा आवाज आला, ‘अजून बोल, मुकादम.’ आबांनी मागे वळून पाहिलं नाही. ‘झालं सगळं बोलून,’ ते भटजींना म्हणाले. मग भटजींनी दर्भाचा कावळा केला, तो पिंडाला टेकवला आणि आम्ही अंघोळी करून घरी आलो. बांधावरच्या प्रत्येक बाईला काय राहिलंय ते ठाऊक होतं. हे मला पुढे कळलं. पण मुकादमाच्या तोंडावर बोलणार कोण?

त्यानंतर आमच्या घरात माणसं तीन आणि वावर चौघांचा असं झालं. दुपारी पानं वाढली की एक कावळा कौलांच्या पन्हाळीवर येऊन बसायचा. ओरडायचा नाही, बसायचा. आबा ताटावरून उठून त्याला खडा मारायचे, तो हलायचा, पुन्हा बसायचा. हिरा भाकऱ्या करायची त्या रोज एक जास्त व्हायची. मी विचारलं तर म्हणायची, पिठाचा अंदाज येत नाही. पुलावरून गाडी गेली की भांडी किणकिणायची आणि मग एकदम थांबायची, कोणी हात ठेवल्यासारखी. मी भित्रा नाही, खाडीत साप धरलेला माणूस आहे. पण तो आवाज थांबला की आम्ही तिघं एकमेकांकडे बघायचो नाही. आबांचं जेवण कमी झालं. एकदा ते आंघोळीच्या दगडावर बसून आपल्याशीच बोलत होते, ‘काय राहिलं? काय राहिलं सांग ना बये.’ मला बघितलं तसे ओरडले, ‘पाणी आण!’ पाणी त्यांच्या पुढ्यातच होतं.

पुढचा चैत्र आला, मीठ पुन्हा पिकलं आणि नलिनीताई पुन्हा आल्या. मुंबईत म्हणे बायांनी काढलेल्या, बायांवरच्या सिनेमांचा महोत्सव भरला होता, मोठ्या हॉलमध्ये, शिकलेली माणसं बघायला. पण यांनी ठरवलं होतं की ज्या बाया पडद्यावर घेतल्या त्यांच्या दारात तो महोत्सव न्यायचा. संध्याकाळी बायांना चुली असतात, म्हणून दुपारी. शेठने मिठाचं रिकामं गोदाम दिलं. झरोक्यांना आणि फटींना मी गोणपाटं ठोकली, दारावरही एक सोडलं, चार बांबू बांधून पांढरा कपडा ताणला. आमच्या वस्तीत ‘महोत्सव’ या शब्दाचा अर्थ जत्रा एवढाच. त्यामुळे बाया न्हाऊन, गजरे माळून, हळदीकुंकवाच्या कुयऱ्या आणि नारळ घेऊन आल्या आणि आत शिरताच विचारू लागल्या, ‘देवी कुठं मांडली?’ नलिनीताई म्हणाल्या, देवी नाही, सिनेमा आहे. जनाकाकीने पडद्याकडे पाहिलं, मशीनकडे पाहिलं आणि मशीनपुढे नारळ फोडला. कपाळाला लावतात तसं मशीनच्या भिंगाला कुंकू लावायला निघाली, तेव्हा ती यंत्रवाली पोरगी किंचाळली. गोदामभर हसू झालं. नलिनीताईंनी विचारलं, ‘सगळ्या आल्या ना मागच्या वेळच्या?’ जनाकाकी म्हणाली, ‘ज्या हाईत त्या आल्या.’ नलिनीताई घाईत होत्या, त्यांच्या लक्षात आलं नाही.

आधी दुसरेच सिनेमे दाखवले. एक कुठल्या तरी थंड देशाचा. कारखान्यातल्या बाया यंत्रं बंद करून नुसत्या उभ्या राहतात, मालक ओरडतो, त्या उभ्याच. भाषा एका अक्षराने कळली नाही, पण आमच्या बाया मालकाला आगरी-कोळी मिळून शिव्या घालत होत्या. मग नलिनीताई म्हणाल्या, आता तुमचा. शेठकडून लक्ष ठेवायला म्हणून आबा दारापाशी उभे होते, गोणपाटाच्या कडेला टेकून. मी मशीनजवळ. माझ्या मनात एवढंच होतं की आई पाठमोरी का होईना, टोपली घेऊन जाताना दिसेल.

पडद्यावर आमचा बांध आला. मग पाय आले, रांगेने. बाया आपापले पाय ओळखून खिदळत होत्या. ‘ते माझं, तो बघ अंगठा!’ मग हसणं थांबलं, कारण पडद्यावर आईचं तोंड आलं. केवढं! माणसाच्या उंचीएवढं. कपाळावरचं मिठाचं पांढरं, नाकातली चमकी, सगळं. हिरा ‘आये’ म्हणून ओरडली आणि तिने स्वतःच तोंडावर हात दाबला. पडद्याबाहेरून नलिनीताईंचा आवाज विचारत होता, ‘पार्वतीबाई, तुम्हाला स्वतःसाठी काय हवंय?’

आई हसली. ‘माझ्यासाठी? मीठ हाय की एवढं.’

‘नाही, खरंच सांगा.’

तिने पदराचं टोक दातांत धरलं, डोंगराकडे पाहिलं आणि म्हणाली, ‘त्या डोंगराच्या पल्याड माझ्या भावाचं घर हाय. तिथं जाऊन एक डाव जेवायचं हाय मला. वाढनारी दुसरी कोन पन असू दे. आन दाराकडं पाठ करून बसायचं.’

‘दाराकडे पाठ का?’

‘घरी मी जेवते ती दाराकडं तोंड करून. मालक कवा येतील, भाकरी गरम पायजे. घास तोंडात आन नजर दारात. लगीन झाल्यापासून तसंच. एक डाव दाराला पाठ लावून, मधी न उठता, पोटभर जेवीन. मग मेले तरी चालंल.’ आणि एकदम तोंडावर पदर घेऊन हसत म्हणाली, ‘हे मुकादमाला नका दावू हां, बाय!’

पडदा पांढरा झाला. मशीन फडफडत राहिलं. इतक्या बाया होत्या, पण बांगडीचासुद्धा आवाज नव्हता. मी दाराकडे पाहिलं. आबांनी गोणपाट मुठीत धरलं होतं आणि त्याच्या फटीतून आलेली उन्हाची तिरीप त्यांच्या छातीवर पडली होती. तोंड दिसत नव्हतं. जनाकाकी उठून उभी राहिली. ‘ऐकलंस, मुकादम?’ ती म्हणाली. ‘त्या दिवशी म्या म्हटलं, अजून बोल.’ आबा बाहेर पडले. तेव्हा कुठे नलिनीताईंना आई गेल्याचं कळलं. ‘मला माहीत नव्हतं हो,’ त्या म्हणाल्या, ‘मी तो भाग काढून टाकते, कापते.’ जनाकाकी त्यांच्या अंगावर गेली. ‘कापशील तर बघ! आयुष्यात एक डाव बोलली ती. परत लाव.’ त्यांनी पुन्हा लावलं. दुसऱ्यांदा आई बोलत असताना बाया एकेक करून पुढे गेल्या आणि तिच्या त्या मोठ्या कपाळावर कुंकू लावू लागल्या, कारण ती सवाष्ण गेली होती. कुंकू लावणारीच्या पाठीवर आईचं तोंड पडायचं, आणि ती बाजूला झाली की ते पुन्हा कपड्यावर जायचं. रीळ संपलं, आई गेली, आणि पांढऱ्या कपड्यावर मधोमध तेवढा लाल डाग राहिला.

त्या दिवसापासून मी सिनेमा बघत नाही. पोरं टीव्हीवर जुनं काही लावतात, लोक हसत नाचत असतात, आणि माझ्या मनात एकच येतं, यांतले आता कोण कोण नसतील, आणि जाताना कोणाचं काय राहिलं असेल. मागे एक मुलगी आली होती, असल्या जुन्या सिनेमांवर अभ्यास करणारी. त्या रिळाचं काय झालं, तिने विचारलं. मला ठाऊक नाही. मुंबईच्या दमट हवेत विरलं असेल. ती म्हणाली, त्या महोत्सवांनी खरंच काही बदललं का, आजोबा? मी म्हटलं, आमच्या वस्तीत पुढे पोरगी द्यायची म्हटली की तिची आई सोयरिकीला आलेल्यांना पाणी द्यायच्या आधी विचारायची, ‘माहेरी पाठवाल का? बोला, मग पुढचं.’ लिहून घे, म्हटलं.

सिनेमाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मिठागरावर गेलो तर बाया आलेल्या होत्या, पण टोपल्या पालथ्या घालून राशींजवळ बसल्या होत्या. आणि सगळ्यांची तोंडं खाडीकडे, पाठ आबांकडे. पाठींची नुसती भिंत. आबा ओरडले, ‘उचला!’ पाठी हलल्या नाहीत. आबा समोर जायला वळसा घालून आले, तर सगळ्या बसल्याबसल्या फिरल्या आणि पुन्हा पाठच! कुणीतरी फिसकन हसलं. जनाकाकी वळून न बघता म्हणाली, ‘पारूला तिच्या भावाकडं जेवायला घेऊन जा. तू स्वतः. मग आमी उठू. दामूला धाडशील तर चालनार न्हाय.’

‘मेलेल्या मानसाला कुठं नेऊ?’

‘काल जिती होती की. तूच बघितलीस.’

शेठचे मेहताजी धोतर सावरत आले. ‘ये क्या तमाशा है, मुकादम? माल पडा है खुल्ले में, एक छींटा आया तो सब पानी!’ आबा म्हणाले, ‘घरचं हाय, मेहताजी, मी बघतो.’ मेहताजी म्हणाले, ‘घर का है तो घर में निपटाओ ना!’ आणि बाया मोठ्याने हसल्या, मेहताजीही हसले, आबा तेवढे हसले नाहीत. दोन-तीन दिवस असेच गेले. मला वाटायचं आबा मोडणार नाहीत. मी त्यांचाच मुलगा, मला ती जात माहीत आहे. एकदा तोंडातून गेलेला शब्द आम्हाला पाठीच्या कण्यासारखा असतो. आकाशात पश्चिमेकडून एखादा ढग यायचा, सगळे वर बघायचे, ढग जायचा. मीठ तसंच. आबा तसेच. बाया तशाच.

शेवटी त्यांना मोडलं ते ढगाने नाही, शेठनेही नाही. तिसऱ्या की चौथ्या संध्याकाळी हिराने आबांना ताट वाढलं, आपलं वाढून घेतलं, आणि रोजच्या जागी न बसता चुलीपाशी दाराकडे पाठ करून बसली. पंधरा वर्षांची पोर, पण नेसली होती आईचं लुगडं, आणि केस आईसारखे मानेवर बांधलेले. आबांचा घास हातातच राहिला. चुलीच्या उजेडात ती पाठ हलत होती, घास घेताना खांदा थोडा वर जायचा, आईचा जायचा तसाच. इतक्यात पुलावरून गाडी गेली आणि मांडणीवरची भांडी किणकिणली. थांबली नाहीत. गाडी पार लांब जाईपर्यंत किणकिणत राहिली. आबांनी हळूच विचारलं, ‘भाकरी अजून हाय का?’ हिरा उठायला लागली. ‘तू बस,’ ते म्हणाले. ‘बस तू. मी घेतो.’ आणि माझ्या आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना टोपलीतून स्वतःच्या हाताने भाकरी घेताना पाहिलं.

सकाळी त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, लाल रुमाल न बांधता हातात घेतला आणि म्हणाले, ‘चला.’ हिराने आईचं हिरवं लुगडं घडी करून छातीशी धरलं. आम्ही मुर्धा, राई अशी गावं करत डोंगरीच्या वाटेला लागलो. मागे थोडं अंतर ठेवून मिठागराच्या बाया येत होत्या. कोणी बोलवलं नव्हतं. आबांनी त्यांना हटकलंही नाही.

उत्तनला मामाचं घर अगदी किनाऱ्याला. अंगणात बांबूंवर बोंबील वाळत घातलेले, वारा खारट. मामा जाळं शिवत बसला होता. केस पिकलेले, आईसारखं नाक. तो उठला, आमच्याकडे बघत राहिला. ‘ये म्हनू का नको, ते तूच सांग, मेव्हण्या,’ तो म्हणाला.

आबा अंगणाबाहेरच थांबले. ‘मी माझ्यासाठी न्हाय आलो, हरी. पारूला जेवायला आनलंय.’ मग त्यांनी सगळं सांगितलं, सिनेमातलं, शब्दाला शब्द. ‘मालक कवा येतील’ हेसुद्धा सांगितलं. मामा खाली बघून ऐकत होता. बहिणीच्या मरणाचा निरोपही त्याला मासेवाल्यांकडून मिळाला होता. त्याने आबांना काहीही म्हटलं असतं तरी चाललं असतं. तो घराकडे तोंड करून फक्त म्हणाला, ‘ऐकलंस का गो, ताय आलीय. पाट मांड.’

मामीने पाट मांडला, भिंतीकडे तोंड आणि दाराकडे पाठ. हिराने त्यावर लुगड्याची घडी ठेवली. केळीच्या पानावर भात, पापलेटाचं कालवण, तळलेली कोळंबी, लिंबाची फोड. मामा म्हणाला, पान अंगणात ठेवू, इथं कावळ्यांना काय तोटा, बोंबलांवर टपलेलेच असतात. आबा म्हणाले, ‘न्हाय. ती बोलली तसंच. घरात.’ कावळा माणसाच्या घरात शिरतो कधी? पण कोणी वाद घातला नाही. आम्ही सगळे अंगणात सरकलो. आबा उंबऱ्यासमोर बसले, आत नजर लावून. बाया वाळूत बसल्या. कावळे छपरावर आले, अंगणात उतरले. एक पायरीपर्यंत आला, आत डोकावला, मान वळवून आबांकडे पाहिलं आणि उडाला. पुन्हा आला, पुन्हा उडाला. भातातली वाफ गेली. कालवणावर साय धरली. ऊन डोक्यावर आलं. मला पिंडाला गेलेला तो तडा दिसू लागला, हिराने माझा दंड इतका घट्ट धरला होता की नखं रुतली.

आबा बराच वेळ दाराकडे बघत होते. मग त्यांनी आपल्या बसण्याकडे पाहिलं, उंबऱ्याकडे पाहिलं, आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, ‘मी इथं बसलोय न.’ कोणाला नाही, स्वतःलाच. गुडघ्यावर हात टेकून उठले. मामा म्हणाला, ‘कुठं?’ ते वाळूतून, ओढून ठेवलेल्या होड्यांच्या रांगेमागे, दिसेनासे होईपर्यंत चालत गेले. त्यांची पाठ होडीआड गेली आणि तो कावळा पायरीवर आला. आत डोकावला. मग एक उडी मारून उंबरा ओलांडला. मामीने ओठांवर बोट ठेवलं. आम्हाला दिसत होतं ते फक्त हिरव्या लुगड्याच्या पलीकडे हलणारं काळं डोकं. घाई नव्हती त्याला. भात खाल्ला, कालवणात चोच बुडवली, कोळंबी उचलली, ठेवली, पुन्हा उचलली. उत्तनचे कावळे पक्के चोर असतात, घरात काय देवळातही शिरतात, असं मला नंतर कितीतरी जणांनी सांगितलं. असतील. मी त्यांच्याशी भांडत नाही, आणि माझं मतही बदलत नाही.

मी आबांना सांगायला गेलो. ते एका उपड्या होडीच्या सावलीत, समुद्राकडे तोंड करून बसले होते. माझ्या पावलांचा आवाज ऐकला तरी वळले नाहीत.

‘जेवली?’ त्यांनी विचारलं.

‘जेवली.’

लाटा येत होत्या. ते रुमालाची गाठ बांधत होते, सोडत होते.

‘मधी कोनी उठवलं तर न्हाय ना तिला?’

‘न्हाय, आबा,’ मी म्हटलं.